पोळा ते दिवाळी : एका तापाचा इतिहास

वाशीमचा इतिहास म्हटला की वाकाटकांची वत्सगुल्म नगरी, ताम्रपट आणि राजांची नावे आपल्यापुढे उभी राहतात. आज सांगावयाचा आहे तो इतिहास ताम्रपटावर कोरलेला नाही. तो लहान मुलांच्या पोटात हाताला लागत असे. हिवतापाने वाढलेली प्लीहा, आपल्या बोलीत पानथरी, हा तो पुरावा. (वैद्यकात ‘गुल्म’ म्हणजे पोटातला गोळा. गावाच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही; पण वर्गात सांगितले की मुले हसतात आणि दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवतात.)

आपल्याकडे हा ताप बारमाही नव्हे. पिकासारखा त्यालाही हंगाम. पैनगंगा, अरुणावती, अडाण, पूस या नद्या पावसात फुगतात. पाऊस ओसरला की धार बारीक होते आणि पात्रात ठिकठिकाणी डबकी राहतात. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा मुख्य डास असल्या निवळ पाण्यात अंडी घालतो. खरे पाहता त्याला माणसापेक्षा ढोरांचे रक्त प्रिय, म्हणून गोठ्यात त्याचा मुक्काम. पण एकाच छपराखाली बैलजोडी बांधलेली आणि बाळाचा पाळणाही टांगलेला असेल, तर डासाने दोघांत फरक का करावा?

आणि वेळ कोणती? तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंतची. मूग-उडीद काढायचे, कपाशी निंदायची. घरातले कर्ते हात दिवसभर वावरात. बाळ आजीपाशी, नाही तर शाळा बुडवून घरी राहिलेल्या थोरल्या बहिणीपाशी. दुपारी थंडी वाजते, अंग तापते, घाम येऊन ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी पोर अंगणात खेळते. आईला वाटते, गेली एकदाची पीडा. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जुन्या वैद्यांनी याला तृतीयक ज्वर म्हटले ते या पाळीमुळे. तान्ह्या बाळाला तर पाळीही नीट नसते. ते नुसते दूध सोडते, मलूल होते, पांढरे पडते.

हंगामीपणाचा आणखी एक तोटा आहे. जेथे वर्षभर हिवताप असतो, तेथे मोठ्या माणसांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती टिकते आणि बळी जातात ते बहुतेक चिमुरडी. हंगामी मुलुखात ती शक्ती पुरती येतच नाही. एखाद्या साली साथ जोरात आली की आई, बाप, लेकरू एकदमच अंथरुणाला खिळतात. मग लेकराला पाणी कोणी द्यावे?

इतिहास लिहिणाऱ्याची मात्र पंचाईत होते. जुन्या दप्तरात मृत्यूचे कारण बहुधा ‘ताप’ एवढेच. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, सारे एका रकान्यात. मग मोजावे कसे? १८४० च्या दशकात डेम्प्स्टर नावाच्या लष्करी डॉक्टराने उत्तरेत यमुनेच्या कालव्यांलगतच्या गावांत लोकांची पानथरी चाचपून पाहिली. पुढे दोन ते दहा वर्षांच्या मुलांत शेकडा किती जणांची पानथरी वाढलेली आहे, हे गावाच्या हिवतापाचे माप ठरले. नवल असे की तेव्हा रोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. रक्तातला जंतू लाव्हरान यांनी १८८० साली पाहिला आणि डासाच्या पोटात तो रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेस १८९७ साली सापडला. माप आधी, कारण मागाहून! मुले एका जागी मिळत ती शाळेत. म्हणजे गुरुजी, या इतिहासात शाळेचा वाटा जुनाच आहे.

उपाय म्हणाल तर पोस्टात विकायला ठेवलेल्या क्विनीनच्या पुड्या आणि पोरांच्या पोटावर दिलेल्या डागण्या. खरा पालट झाला १९५३ साली. त्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू असा अंदाज होता. राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ पासून त्याचे निर्मूलनात रूपांतर झाले. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते. तो जिल्हा प्रथम मध्य प्रदेशात, १९५६ पासून मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. सरकारे बदलली, फवारणी राहिली. रक्त पिऊन डास भिंतीवर टेकतो, म्हणून घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी मारीत. आणि आपल्या मायबहिणी दसरा-दिवाळीला त्याच भिंती हौसेने सारवून काढीत! ऐन हंगामात औषध मातीखाली. त्यांना दोष कसा द्यावा? सणाला भिंत पांढरी डागाळलेली कोण ठेवील?

तरीही १९६५ च्या सुमारास रुग्ण लाखावर आले. मग पहारा ढिला पडला, डीडीटीचा तुटवडा झाला, डासही त्याला पचवू लागले. आणि १९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले. माझे बालपण या पुढच्या काळातले. बोट टोचून काचेवर घेतलेले माझे रक्त तालुक्याला गेले. निकाल आला तेव्हा मी ताप विसरून शाळेत बसलो होतो. क्लोरोक्विनची कडू गोळी गुळात दडवलेली, ती अजून जिभेला आठवते. आता आशाताईंच्या पेटीतील चाचणीपट्टी काही मिनिटांत सांगते. मात्र पोराला तेथवर त्याच दिवशी नेले पाहिजे. हिवतापाचा एक प्रकार मेंदूवर जातो आणि लहान मुलाला फार वेळ देत नाही.

अलीकडे राज्यात सर्वाधिक रुग्ण आढळतात ते गडचिरोली आणि मुंबईत. जगात मात्र २०२३ साली सुमारे ६ लाख माणसे हिवतापाने गेली, त्यांतली बहुसंख्य आफ्रिकेतील पाच वर्षांखालची मुले. बुर्किना फासो, माली या देशांत आपल्यासारखाच पावसाळी हंगाम. तेथे चिमुरड्यांना हंगामात दर महिन्याला प्रतिबंधक औषध देतात, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेली ऑक्सफर्डची लस तयार होते ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये.

आता शिक्षकबंधूंना एक विनंती. तुमच्या शाळेच्या कपाटात जुनी हजेरीपत्रके असतील, आणि वाळवीने सोडली असतील, तर १९५३ च्या आधीची व नंतरची भाद्रपद-आश्विनातली पाने शेजारीशेजारी ठेवून गैरहजेरी मोजा. मोठी मुले शेतकामामुळेही घरी राहत, त्यांचा हिशेब फसवील. म्हणून पहिल्या इयत्तेची पाने आधी उघडा.