दाद कोणाकडे मागायची?

‘दाद’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ न्याय. शेर आवडला की मुशायऱ्यात आम्हा कवींना मिळते तीही दादच, आणि मारहाण झाली, चोरी झाली की माणूस मागतो तीही दादच. आम्हाला ती मिळाली की नाही, हे जागेवर कळते. दुसऱ्याला आधी ठरवावे लागते, मागायची कोणाकडे?

मराठेशाहीत गोतसभा बसे, निवाड्याचा महजर लिहिला जाई. पुरावा नसेल तर रवादिव्य: उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. पेशवाई गेली. पंचायती शक्यतो राखाव्यात, असे एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात सुचवले. तरी हळूहळू लोक कोर्टाच्या पायऱ्या चढू लागले.

भटके मात्र चढले नाहीत, आणि त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१चा. १९११मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. ज्या चौकीत हजेरी द्यायची, तिथेच फिर्याद कशी द्यायची? कायदा १९५२मध्ये गेला, संशय राहिला.

आपल्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी तालुक्यातील मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. होळीपासून पाडव्यापर्यंत. तिथे गोपाळ, वैदू अशा जमातींच्या जातपंचायती बसत आल्या. आपली बोली, वकील नाही, तारखा नाहीत. पण पंचच कायदा करणार, पंचच दंड घेणार. बाईवर अन्याय झाला तरी तिच्या वतीने बोलणार पुरुष. आणि निवाडा न मानता पोलिसांत गेले, की घर वाळीत. मग मुलांची लग्ने जुळत नाहीत, मयतीला खांदा मिळत नाही. याला निवड म्हणायचे का?

वाळीत टाकणे ही काही एकाच धर्माची गोष्ट नाही. मुंबई राज्याने १९४९मध्ये त्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. नंतर पन्नासहून अधिक वर्षे महाराष्ट्रात दुसरा कायदा झाला नाही.

नरेंद्र दाभोलकरांनी २०१३मध्ये, हत्येच्या थोडे आधी, जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. ती त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेली. विधिमंडळाने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. तो २०१७मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तडजोडही करता येते, पण न्यायालयाची परवानगी हवी, आणि पीडिताची संमती.