आधी हिशोब उलगडा

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. लोक सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले. लोण पुणे-नगरभर पसरलं. गावोगाव मागणी एकच: खतं द्या. मिळाली की जाळायची. माणसांना मारहाण मात्र कमीच.

मग १८७९ चा कायदा आला. त्यातला भारी भाग हा: शेतकऱ्याच्या खतावरचा आकडा कोर्टानं तसाच धरायचा नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासून हिशोब, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. कर्जापायी तुरुंगही बंद.

कार्डावर महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२. मी स्टेटमेंट असंच एक्सेलमध्ये उलगडतो. एजंट फोनवर जेलची धमकी देतो ना? नुसतं कर्ज थकणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे.