ग्रुप मोजणारं यंत्र: लंडनचा तक्ता ते सिडनीचं मॅग्मा

१६ घटकांचे वेगवेगळे ग्रुप किती? गणिताचा विद्यार्थी आज हा प्रश्न संगणकाला विचारतो आणि पापणी लवायच्या आत उत्तर मिळवतो: १४. त्यातले ५ क्रमनिरपेक्ष, म्हणजे गुणाकाराचा क्रम उलटला तरी उत्तर तेच येणारे; बाकीचे ९ तसे नाहीत. वाटेल तो ग्रुप उघडून त्याचे सबग्रुप पाहावेत, केंद्र काढावं, हवं तर मोडतोडही करावी. पण ही सोय मुळात विद्यार्थ्यांसाठी उभी राहिलेली नाही. अडून बसलेल्या संशोधकांनी ती आपल्या गरजेपोटी उभी केली, आणि त्यातलं बरंच काम कॅनबेरा आणि सिडनीत झालं.

सुरुवात १८५४ची. आर्थर केली तेव्हा लंडनमध्ये वकिली करत होते. त्या वर्षीच्या निबंधात त्यांनी ग्रुप मांडला तो शाळेतल्या पाढ्यांच्या तक्त्यासारखा: आडव्या-उभ्या ओळींत घटक, चौकटीत त्यांचा गुणाकार. चार घटकांचे ग्रुप दोन, सहा घटकांचेही दोनच, हे त्यांनी तेव्हा बरोबर सांगितलं. १८७८मध्ये मात्र त्यांनीच सहाचे तीन ग्रुप असल्याचं लिहिलं. तिसरा ग्रुप म्हणजे नाव बदलून आलेला पहिलाच होता. खरी गोम इथेच आहे. तक्ता भरणं हे कष्टाचं काम, पण दोन तक्ते वरून वेगळे दिसत असताना आतून एकच आहेत का, हे ओळखणं त्याहून अवघड. १६ घटकांच्या तक्त्यात २५६ चौकटी होतात. तिथे भल्याभल्यांचा निभाव लागत नाही.

१९३६मध्ये टॉड आणि कॉक्सेटर यांनी एक पद्धत दिली. ग्रुपचे जनक, म्हणजे ज्यांच्या गुणाकारांतून बाकीचे सगळे घटक तयार होतात ते, आणि त्यांच्यातले संबंध एवढंच हाती असलं, तरी ठरावीक रीतीने रकाने भरत गेलं की ग्रुप केवढा आहे ते कळतं. काम इतकं साचेबंद की ते यंत्राच्याच वाट्याचं होतं. १९५३मध्ये हेझलग्रोव्ह यांनी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ते करवून घेतलं. त्याआधी, १९५१मध्ये मँचेस्टरच्या परिषदेत मॅक्स न्यूमन यांनी २५६ घटकांच्या ग्रुपचा प्रश्न संगणकाला घालता येईल असं सुचवलं होतं, तेही संभाव्यतेचा आधार घेऊन. हा प्रश्न पुढे चाळीस वर्षं तसाच पडून राहिला.

मग ऑस्ट्रेलियाच का? एक कारण माणसं. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले बर्नहार्ड नॉयमन १९६२मध्ये कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत गणित विभाग उभा करायला गेले. पाठोपाठ हाना नॉयमनही तिथे प्राध्यापक झाल्या. दोघंही ग्रुप थिअरीतली मोठी नावं. १९६५मध्ये जगभरचे ग्रुपवाले कॅनबेरात परिषदेला जमले. दुसरं कारण यंत्र. सिडनी विद्यापीठाकडे १९५६पासून स्वतःचा संगणक होता, सिलियाक. ज्यांच्या डेल्टा घोड्याने १९५१चा मेलबर्न कप जिंकला, त्या अडॉल्फ बॅसर यांच्या देणगीतून तो उभा राहिला होता.

या दोन्हींचं फळ १९७४मध्ये दिसलं. दोन जनकांचा, ज्यातला कुठलाही घटक स्वतःशी पाच वेळा गुणला की अविकारक (ग्रुपमधला १) मिळतो, असा सर्वांत मोठा सान्त ग्रुप केवढा? हवास, वॉल आणि वॉम्स्ली यांनी उत्तर काढलं: ५चा ३४वा घात, म्हणजे २४ अंकी संख्या. एवढे घटक कुठल्याच यंत्रात मावणारे नव्हते, म्हणून ते साठवायचेच नाहीत असं ठरलं. फक्त ३४ जनक ठेवायचे आणि एका जनकाने दुसऱ्याला ओलांडलं की काय फरक पडतो, त्याचे नियम ठेवायचे. बाकीचा ग्रुप त्या नियमांतून हवा तेव्हा काढता येतो.

सिडनीत जॉन कॅनन यांनी अशा सुट्या प्रोग्रामांना एका भाषेत आणलं आणि तिला नाव दिलं केली. १९९३मध्ये तिची जागा मॅग्माने घेतली. तिकडे जर्मनीत आखेनला योआखिम नॉयब्यूझर यांच्या गटाने १९८६पासून गॅप हे असंच सॉफ्टवेअर उभारलं, तेही सर्वांना फुकट. मॅग्माला वर्गणी लागते. म्हणून बेताच्या पैशांत चालणाऱ्या कॉलेजांना गॅपच परवडतं. मॅक्स न्यूमन यांच्या प्रश्नाचा निकालही कॅनबेराच्याच पठडीतून आला. तिथल्या माइक न्यूमन यांच्या पद्धतीवर काम करून एमन ओब्रायन यांनी १९९१मध्ये दाखवलं की २५६ घटकांचे ग्रुप ५६,०९२ आहेत.

बेशं, आइक आणि ओब्रायन यांनी पुढे २०००पर्यंतच्या ग्रुपांची यादी केली. त्यात फक्त १०२४ची यादी नाही, नुसती संख्या आहे: ४९,४८७,३६५,४२२. ती वीस वर्षं सगळीकडे छापली गेली. मग डेव्हिड बरेल यांनी ताळा केला, तेव्हा १,८६७ ग्रुप मोजायचे राहून गेल्याचं निघालं. केलींनी एक जास्त धरला होता, यंत्राने हे सोडून दिले.

म्हणूनच वर्गात सॉफ्टवेअर आणताना मुलांना उत्तर छापायला लावू नये, त्यांच्याकडून अंदाज बांधून घ्यावा. एक प्रयोग सांगतो. ग्रुपमधले कुठलेही दोन घटक उचलले, तर त्यांचा गुणाकार उलटसुलट सारखाच येण्याची शक्यता किती? क्रमनिरपेक्ष नसलेल्या ग्रुपांवर मुलांनी हे चालवून पाहावं. सहाच्या ग्रुपला १/२ येतं. आठच्या दोन्ही ग्रुपांना ५/८. बाराच्यांना १/२ किंवा १/३. सोळाच्या नऊपैकी सहांना पुन्हा ५/८, तिघांना ७/१६. यादी कितीही वाढवा, ५/८च्या वर आणि १च्या खाली काहीच सापडत नाही. तक्ते हाताने भरत बसलं असतं, तर ही पोकळी कोणाच्या लक्षातही आली नसती.

पण ती का आहे, हे संगणक सांगत नाही. तिथे वही उघडावी लागते. ग्रुप क्रमनिरपेक्ष नसेल तर केंद्र फार तर पाव भाग असतं. केंद्रातल्या घटकाचं सगळ्यांशी जमतं, म्हणजे गुणाकार उलटसुलट सारखाच येतो. बाहेरच्याचं फार तर निम्म्यांशी, कारण ज्यांच्याशी त्याचं जमतं त्यांचा मिळून सबग्रुप होतो, आणि तो अख्खा ग्रुप नसला तर निम्म्याहून मोठा असू शकत नाही. म्हणजे पाव भागाला १, पाऊण भागाला १/२, बेरीज ५/८. सिद्धता चार ओळींची, पण ती शोधायला निघावं असं मुलांना वाटलं ते यादीमुळे.