भोंगा वाजायच्या आत

साल १९२८, फेब्रुवारी. परळच्या चाळीत पहाटे पाचला तुम्हाला जाग येते, कारण कुणीतरी तुमच्या डोक्यावरून हंडा उचलून नेला आहे. पुरुष वाचकांनी कुरकुर करू नये. पुढचा वेळ त्यांनाही लुगडंच नेसायचं आहे. काष्टा घट्ट मारा, केस तेल लावून आवळून बांधा, पदर कमरेला खोचा. सुटा पदर आणि सुटे केस दिसले की गिरणीतला पट्टा कुणाची गय करत नाही.

खोली एक, माणसं नऊ. त्यांतले चौघे खानावळीचे. तुमची लांबची नणंद त्यांना महिन्याच्या पैशांवर दोन वेळ जेवू घालते. तुम्ही तिच्याकडे राहता, म्हणजे भाड्यापोटी गिरणीत जायच्या आधी ढीगभर भाकऱ्या थापता. नळाचं पाणी जाईल म्हणून मोरीपुढे भांडण, संडासापुढे रांग. तव्यावर सुकट परतायला घेतली आहे. तुम्हाला तिचा वास येत नाही. गिरणीत लागल्यापासून नाकात कापूस बसला आहे.

वय बावीस, नवरा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. गाव लोधिवली, जिल्हा कुलाबा. त्याला रायगड म्हणायला अजून अर्धं शतक आहे. चाळीत कुणी गाव विचारलं तर तुम्ही लोधिवली सांगत नाही, कुणाला ठाऊक नसतं. ‘चौकाकडची’ म्हणता, तेही कळलं नाही तर ‘पनवेलच्या पलीकडची’. भोवती सगळ्या रत्नागिरीच्या नाहीतर साताऱ्याच्या. त्या तुमच्या हेलांना हसतात, तुम्ही त्यांच्या.

गावी दिराकडे भाताची दोन खाचरं आणि डोंगराकडेला वरकस, त्यात नाचणी नाहीतर वरी. तुमचा वाटा कुणी नाकारला नाही, कारण तुम्ही तो मागितलाच नाहीत. चाळिशीच्या एका माणसाशी पाट लावायचं बोलणं घरात चाललं होतं. तेवढ्यात नणंदेचा निरोप आला की खात्यात बायका घेतायत. दिरानं अडवलं नाही. एक तोंड कमी झालं. पनवेलपर्यंत भाताच्या बैलगाडीवर बसून आणि तिथून भरतीच्या पाण्यावर मचव्यातून तुम्ही मुंबईला आलात. मागे वळून पाहिलंत तेव्हा इर्शाळचा सुळका दिसत होता. रडू आलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं नणंदेलाही सांगितलेलं नाही.

गिरणगावाच्या गोष्टींत एक वाटणी ठरून गेली आहे: पुरुष मुंबईला, बाई गावी मनीऑर्डरची वाट बघत. ती खोटी नाही. पण या काळात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे एक बाई आहे. तिच्याबद्दल लिहिताना आपण तिला आपोआप कुणाची तरी बायको करून टाकतो. तुम्ही कुणाच्या मागून आलेल्या नाही. मनीऑर्डर तुम्हीच पाठवता, दिराच्या नावानं, आणि ती लिहून द्यायला चाळीतल्या एका पोराला दोन पैसे देता.

भोंगा झाला. चला.

वाइंडिंग खात्याच्या दाराशी नाईकीण उभी आहे. पुरुषांच्या खात्यात जॉबर, तशी बायकांच्यात ही. कामावर घेणारी तीच, काढणारीही तीच. नोकरी लागताना तिला दस्तुरी दिलीत, दिवाळीला पुन्हा द्यावी लागेल.

“काल कुठं होतीस गं?”

“ताप होता, बाय.”

“तुज्या तापाला साचा थांबत नाय. बाहेर बदलीवाल्या उभ्या हायेत.”

एवढं बोलून ती तुम्हाला आत सोडते. ती वाईट नाही. तिच्यावर मास्तर आहे, मास्तरवर मॅनेजर. शिवाय नाईकिणीनं हात दिला नसता तर कुलाब्याच्या एकट्या विधवेला या शहरात कोण उभं करून घेणार होतं? तिला खलनायिका करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

आत कानठळ्या. कताईखात्यात कातलेलं सूत बारक्या कांड्यांवर येतं. ते मोठ्या बाबिनीवर भरायचं, इतकंच तुमचं काम. दिवसभर उभं राहून एका ओळीत फिरणाऱ्या चात्यांवर नजर ठेवायची. सूत तुटतं, तुटणारच. तुटलं की चाती रिकामी फिरते, आणि तुम्हाला पैसे तोलावर मिळतात. रिकाम्या फेऱ्याला दमडी नाही. म्हणून दोन्ही टोकं डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरा, उजव्या हातानं वळसा द्या, ओढा, शेपटी तोडा. झालं? नाही. गाठ जाड आली. ही गाठ पुढं मागावरच्या फणीत अडकेल, तिथं सूत पुन्हा तुटेल, विणकर शिव्या घालील. पुन्हा बांधा. शेजारची साताऱ्याची बाई तुमच्याकडे न बघता, बोलता बोलता गाठ मारते. तिची गाठ बोटाला लागतसुद्धा नाही. तिला या खात्यात नऊ वर्षं झाली. तिला कुणी कुशल कामगार म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही, कारण हे बायकांचं काम, म्हणजे हलकं. विणकर पुरुषाच्या मिळकतीच्या निम्म्याच्या आसपास तिची मिळकत.

साचे कशावर चालतात हे कुणी तुम्हाला सांगितलेलं नाही. मी सांगतो, कारण मला यात राहून राहून मौज वाटते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर टाटांनी पावसाचं पाणी अडवलं, वळवण आणि शिरवट्याला तळी बांधली, आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून ते पाणी नळांतून खोपोलीला खाली आणलं. १९१५ च्या फेब्रुवारीत ती वीज परळला पोचली आणि गिरण्यांतली कोळशाची इंजिनं एकेक करून थंड होऊ लागली. चक्रं फिरवून झालेलं पाणी खोपोलीतून पाताळगंगेत सोडतात. म्हणून तुमच्या लोधिवलीच्या शिवारापलीकडून वाहणारी नदी ऐन वैशाखातही आटत नाही. म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला पाणी पडतं, त्याची तार परळला येते आणि तुमच्यापुढची चाती फिरते. तुम्ही मात्र बैलगाडी आणि मचव्यानं आलात.

दुपारची सुट्टी. साताऱ्याची बाई धावत चाळीत जाऊन तान्ह्याला पाजून येते. पोर झोपलेलं असतं. ते झोपावं म्हणून तिनं सकाळीच बाळगोळी दिलेली असते. गोळीत अफू आहे हे तिला ठाऊक आहे. १९२२ च्या सुमारास सरकारनं डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या बाईंना गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करायला नेमलं. त्यांना कामगार बायकांच्या जवळजवळ सगळ्याच तान्ह्या पोरांना अफू दिली जात असल्याचं आढळलं. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक अर्भकं दगावली होती. पुष्कळ बायका बाळंतपणाला गावी जात आणि जन्माची नोंद तिथं होई, त्यामुळे आकडा फुगला हे खरं. पण कितीही कमी करा, उरतो तो आकडाही उच्चारवत नाही. दर वेळी आयांनाच शहाणपण शिकवणाऱ्यांनी दहा तास उभं राहून पाहावं.

एप्रिलमध्ये गिरण्या बंद पडतात. मालकांनी माणसं कमी करून उरलेल्यांवर जादा साचे टाकायला घेतले होते. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर, आणि संप थेट ऑक्टोबरपर्यंत. मे महिन्यात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहते. नणंदेच्या खानावळीत उधारी चढते, मग खानावळीचे गडीच गावी जातात, मग तुम्हीही.

लोधिवलीला पोचता तेव्हा राब भाजून झालेला असतो. मृग लागतो, पेरणी होते, आषाढात आवण काढून चिखलात लावणी. कमरेत तेच दुखणं, पण मोकळी हवा. दीर विचारतो, गिरणी कधी चालू होणार? त्याला तुमची काळजी नाही असं नाही, पण तुमच्या मनीऑर्डरीवर त्यानं बैल घेतला आहे. संपानं तुमच्या हातात एक गोष्ट दिली, ती म्हणजे घरात तुमच्या पगाराचं वजन किती ते कळलं. पाटाचं बोलणं या वेळी कुणी काढत नाही.

तुम्ही लावणी करत असताना, त्याच जुलैत, मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकावर बोलतात. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विसावा मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. १९२९ मध्ये कायदा होतो, देशातला पहिला: बाळंतपणाच्या आधी तीन आठवडे आणि नंतर चार, रोज आठ आणे. साताऱ्याच्या बाईला पुढच्या खेपेला ते मिळाले असतील. काही मालकांनी मात्र पोट दिसू लागलं की बाईला कामावरून काढायची सोपी वाट शोधली.

त्याच वर्षांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तुमच्यासारखीच एक बाई उभी आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पॅरिस नावाचं छोटं गाव आहे, ग्रँड नदीच्या काठी. तिथल्या पेनमन कंपनीला मोजे-बनियन विणायला कसबी हात हवे होते, म्हणून तिनं १९०७ ते १९२८ या काळात इंग्लंडच्या लेस्टर-नॉटिंगहॅम भागातून सुमारे सातशे बायका आणवल्या. जहाजाचं भाडं कंपनीनं उचललं आणि नंतर पगारातून कापून घेतलं. त्यांतल्या अनेक जणी लग्नानंतरही गिरणीत राहिल्या. त्या गावात बाईनं घर चालवणं ही लाजेची गोष्ट उरली नाही. त्यांना कसबी म्हणून बोलावून नेलं होतं. तुम्हाला नाईकिणीनं आत सोडलं. फरक इथूनच सुरू होतो. दस्तुरी मात्र त्यांनीही दिली, फक्त हप्त्यानं.

संप मिटल्यावर तुम्ही परत मुंबईला येता. मार्च १९२९ मध्ये गिरणी कामगार युनियनचे पुढारी डांगे मीरतच्या कटाच्या खटल्यात पकडले जातात. त्यांच्या पत्नी उषाताई, स्वतः एके काळी बालविधवा, चाळीचाळींतून बायकांना गोळा करतात. तुम्ही एखाद्या सभेला जाता, मागे बसता. पुढची वर्षं भराभर जातात. रात्रपाळ्या वाढतात, बायकांना रात्री काम करायला कायद्यानं बंदी, मग मालक म्हणतात बाई कशाला ठेवा? हातानं व्हायचं ते काम यंत्रं करू लागतात. तुमच्या खात्यातली एकेक जण कमी होत जाते. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला ‘गिरणी कामगार’ म्हटलं की पुरुषच आठवतो, कारण तोवर बाया खरंच विरळ झालेल्या असतात.

१८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंतांचा संप. अडीच लाख कामगार बाहेर, आणि बहुतेकांना परतायला गिरणी उरली नाही. त्याच वर्षी पाताळगंगेच्या काठी, लोधिवलीपासून हाकेच्या अंतरावर, रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू होतो. तिथं गाठ मारायला बाई लागत नाही.

पुढे गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरतं. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर नाव हवं, ही अट. तुमचं नाव त्याआधी कधीच कटलेलं. २०१६ साली पनवेलजवळच्या कोन गावातल्या २,४१७ घरांची सोडत निघते, आणि चाव्या हातात यायला कित्येक वर्षं जातात; मधल्या काळात करोनाच्या संशयितांना त्या इमारतींत ठेवलं होतं. परळच्या गिरणीचं घर लोधिवलीहून घटकाभराच्या वाटेवर! यादीत बायकांची नावं आहेत, नाहीत असं नाही. बहुतेक वारस म्हणून: कामगाराची पत्नी, सून, मुलगी. स्वतःच्या हजेरीवर घर मिळालेली बाई कोनमध्ये शोधायची तर बरीच दारं वाजवावी लागतील.