मुष्टियोद्ध्याचे दुसरे आयुष्य

श्रोतेहो, आपल्या पुलगावला लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो आहे आणि एके काळी कापडगिरणीही होती. त्यामुळे जवान आणि कामगार हे दोघेही आपल्याला परके नाहीत. धडधाकट शरीर हेच दोघांचे भांडवल. ते मोडले म्हणजे पुढे काय, हा प्रश्न कामगार संघटनेच्या कामात मी पुष्कळदा ऐकला आहे. म्हणून आज मुरलीकांत पेटकर यांची हकिगत सांगतो.

पेटकर यांचा जन्म १९४४ सालचा, सांगलीकडच्या पेठ इस्लामपूरचा. कुस्तीचा नाद असलेला हा मुलगा सैन्यात शिरला आणि यंत्रदुरुस्ती करणाऱ्या ईएमई दलात क्राफ्ट्समन झाला. तेथे त्याने मुष्टियुद्धात नाव काढले. १९६४ साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय सैनिकी क्रीडास्पर्धेत तो उतरला. पुढच्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले. त्यात शरीरात गोळ्या घुसल्या, एक पाठीच्या कण्यापाशी अडकली आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. ज्या पायांवर मुष्टियोद्धा उभा राहतो, तेच गेले.

इस्पितळात व्यायाम म्हणून त्यांना पोहायला लावले. पेटकरांनी त्या उपचाराचीच साधना केली. श्रद्धा म्हणजे नवस बोलून वाट पाहणे नव्हे. जे अवयव उरले त्यांच्यावर विश्वास टाकून रोज पाण्यात उतरणे, हीही श्रद्धाच. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने मदतीचा हात दिला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचे अंतर त्यांनी ३७.३३ सेकंदांत तोडून सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. ऑलिंपिकमधले तसे सुवर्ण मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले.

पण पदकाने चूल पेटत नाही. पेटकरांनी पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी केली आणि संसार चालवला. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला त्यांचा अर्ज नामंजूर झाला. पद्मश्री आली २०१८ साली. अर्जुन पुरस्कार हाती पडला तो जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशी वर्षे पुरी झाल्यावर.

सन्मान उशिरा आला याची खंत आहेच. पण मधली वर्षे या माणसाला कशाने तारले? हक्काच्या कामाने आणि महिन्याच्या पगाराने. यंत्रात हात गमावलेल्या कामगारालाही हार नको असतो, त्याला झेपेल असे काम हवे असते. ते मिळवून देणे, श्रोतेहो, हे तुमचे-माझे कर्तव्य आहे.