गोबरगॅस कोणी बसवला, कोणी नाही : गोठ्यातून आलेल्या ऊर्जेचा इतिहास

१/१२
सध्या घरोघरी छतावरच्या सौर पॅनेलचे हिशेब मांडले जात आहेत. अनुदान किती, बिल किती वाचेल, खर्च किती वर्षांत भरून निघेल? परंतु घराने स्वतःची ऊर्जा स्वतः तयार करावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ती छतावर पोहोचण्यापूर्वी कितीतरी आधी गोठ्यात आली होती. आजचा धागा गोबरगॅसविषयी आणि त्यातल्या एका प्रश्नाविषयी : कुटुंबे असे संयंत्र का बसवतात, आणि का बसवत नाहीत?

२/१२
आरंभ मुंबईतच सापडतो. १९ व्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठधामात मैल्यापासून निघणारा वायू दिवाबत्तीसाठी वापरला गेला. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. पुढे १९५० च्या दशकाच्या प्रारंभी जशभाई पटेल यांनी घरगुती वापराचे संयंत्र घडवले. त्याचे नाव होते ‘ग्रामलक्ष्मी’.

३/१२
रचना सोपी होती. विहिरीसारखी खोल, विटांनी बांधलेली टाकी. तीत शेण आणि पाणी समप्रमाणात कालवून सोडायचे. हवा नसलेल्या त्या टाकीत जिवाणू शेण कुजवतात आणि वायू तयार होतो. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो. वर पालथे घातलेले लोखंडी पिंप गॅस साठला की वर उचलले जाते, वापरला की खाली बसते. दुसऱ्या तोंडाने स्लरी बाहेर पडते आणि शेतात जाते. गोवरी जाळली की शेणातला नत्र धुराबरोबर जातो. येथे जळणही मिळते आणि खतही हाती राहते.

४/१२
शासनाला भावला तो हाच दुहेरी लाभ. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० च्या दशकात पटेलांच्या धर्तीचे संयंत्र प्रसारासाठी स्वीकारले. १९७३ च्या अखेरीस तेलसंकट आले आणि काही महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळपास चौपट झाली. रॉकेल आणि रासायनिक खत, दोन्ही महागली. शेणाला एकाएकी राष्ट्रीय महत्त्व आले. १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला आणि अनुदानाची घडी बसली.

५/१२
घराची कारणे मात्र याहून जवळची होती. ओल्या लाकडाचा धूर, चुरचुरणारे डोळे, काजळलेली भांडी, पावसाळ्याच्या आत करावी लागणारी सरपणाची बेगमी. ज्या स्वयंपाकघरात चावी फिरवताच निळी ज्योत पेटली, तेथे परकीय चलनाच्या बचतीचा विचार कोणी केला नसेल. शेतकऱ्याला स्लरीचे मोल कळत होते. शिवाय खेड्यात गॅसची शेगडी असणे ही प्रतिष्ठेचीही बाब होती. या सर्व कारणांत ‘अपारंपरिक ऊर्जा’ हा शब्द कोठेही नव्हता.

६/१२
मग ती घरोघरी का गेली नाही? साधे गणित पाहू. दोन घनमीटर क्षमतेच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. म्हणजे दावणीला बांधलेली चार-पाच जनावरे हवीत. तेवढेच पाणी हवे, घराजवळ मोकळी जागा हवी आणि लोखंडी पिंपासाठी पैसा हवा. अनुदान पैशाची उणीव काही अंशी भरून काढी, जनावरांची नाही. त्यामुळे योजना सर्वांसाठी असली तरी तिचे दार मुख्यतः गोठा असलेल्या घरालाच उघडत असे.

७/१२
याची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करणारी आहे. भूमिहीन घरातील स्त्री रस्त्यावरचे, माळावरचे शेण वेचून गोवऱ्या थापी. ते तिचे जळण होते आणि कधी चार पैशांची मिळकतही. जनावरे गोठ्यात बांधली गेली आणि शेणाला किंमत आली, की हे फुकटचे जळण आटण्याचा धोका होता. एका घराची चूल धूरमुक्त होताना दुसऱ्या घरातली चूल विझू शकते, हा आक्षेप १९७० च्या दशकातील चर्चेत गांभीर्याने मांडला गेला.

८/१२
यावर उत्तर म्हणून सामुदायिक संयंत्राची कल्पना पुढे आली. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातील पुरा या गावी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली. प्रथम उद्देश होता स्वयंपाकाचा गॅस. तो फसला. साऱ्या घरांना पुरेल एवढे शेणच नव्हते. सरपण गोळा करून मिळत असल्यामुळे गॅसची तातडीही नव्हती. गावाला हवे होते पाणी.

९/१२
तेव्हा उद्देश बदलला. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून वीज तयार होऊ लागली. घरांत दिवे लागले आणि कूपनलिकेचे पाणी आले. घरे शेण देत, त्याचा मोबदला घेत आणि स्लरी परत नेत. तंत्र तेच, शेण तेच. लोकांना काय हवे आहे याचे उत्तर बदलताच संयंत्र गावाचे झाले.

१०/१२
देहूचे उदाहरण आणखी निराळे. तेथे डॉ. एस. व्ही. मापुसकर यांनी आरोग्य अधिकारी म्हणून शौचालयांचे काम हाती घेतले आणि पुढे घरच्या शौचालयाला जोडलेली गॅस संयंत्रे उभी केली. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. येथे प्रेरणा ऊर्जेची नव्हती, स्वच्छतेची होती. गॅस हे त्या मार्गावरचे फळ. अशा गॅसवर शिजलेले अन्न खावे का, हा संकोच मात्र एकेका घरातच मोडावा लागला.

११/१२
बसवलेली संयंत्रे बंद का पडली? पिंप गंजले, नळीत पाणी साचले, थंडीत गॅस उतरला, जनावरे विकली गेली, दुरुस्तीला माणूस मिळाला नाही. १९८४ मधील ‘दीनबंधू’ नमुन्यात लोखंडाऐवजी विटांचा घुमट आला आणि खर्च उतरला. पण घुमटाला तडा गेला की गॅस गळे, म्हणून कुशल गवंडी अनिवार्य झाला. आणखी एक गोष्ट सरकारी आकड्यांत दिसत नाही. अनुदानाचा अर्ज बहुधा पुरुषाच्या नावे असे आणि रोजचे शेण कालवणे बहुधा स्त्रीच्या वाट्याला. सिलिंडर दारात आला, तेव्हा अनेक घरांनी हे काम सोडून दिले. त्यांना दोष कसा द्यावा?

१२/१२
२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य आहे एक कोटी घरे. ३ किलोवॅट संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पॅनेलला शेण कालवावे लागत नाही, हे खरे. पण तेव्हा गोठा लागत असे, आता छत लागते. भाडेकरूचे, चाळीतल्या खोलीचे, पत्र्याच्या झोपडीचे छत कोणाचे? जुन्या योजनेला ज्या प्रश्नाने अडवले, तोच नव्याने समोर उभा आहे.

आपल्या गावात जुने गोबरगॅस संयंत्र असेल, तर ते कधी बांधले आणि का बंद पडले, हे अवश्य लिहा. शक्य झाल्यास ज्यांनी ते बांधले त्यांच्याइतकेच, ज्या रोज त्यात शेण कालवत होत्या त्यांनाही विचारा. या इतिहासाची ती बाजू अद्याप पुरेशी लिहिली गेलेली नाही.