घर विकण्याआधी दुरुस्ती करावी का? आधी उतारा बघा, मग गवंडी बोलवा

बेळगाव : आई-वडील गेले, मुले पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात नोकरीला आणि शहापुरातले किंवा निपाणीच्या जुन्या गल्लीतले कौलारू घर कुलूपबंद. सीमाभागात असे घर विकायचे ठरले की कुणीतरी म्हणतेच, "थोडी दुरुस्ती करून विकूया, भाव चांगला येईल." पण दरवेळी तसे होत नाही.

गिऱ्हाईक काय घेतो?

जुन्या गल्लीतले माती-दगडाचे घर घेणारा बऱ्याचदा जागाच घेत असतो. घर पाडून आरसीसी बांधायचे त्याने ठरवलेलेच असते. त्याला नव्या फरशीचे काय? याउलट टिळकवाडी, हिंदवाडीसारख्या भागात चांगल्या स्थितीतला बंगला किंवा फ्लॅट घेणारा तिथे राहायला येणार असतो. तिथे रंग, नळ, वायरिंगवरचा खर्च कामी येतो.

म्हणून दोन-तीन एजंटांकडून दोन भाव विचारून घ्या : घर आहे तसे दिले तर किती आणि दुरुस्त करून दिले तर किती. समजा, पहिला भाव 40 लाख, दुसरा 43 लाख आणि गवंड्याचा अंदाज 5 लाख. म्हणजे 2 लाख खिशातून गेले. वर काम पावसाळ्यात अडकले तर चार महिने वेगळेच.

एवढे मात्र कराच

फुटलेली कौले बदला, गळती थांबवा, उघड्या वायरी झाका, परसातले गवत काढा आणि घर झाडून घ्या. खर्च कमी, पण घर सांभाळलेले दिसते.

भिंतीची तडे गिलाव्याखाली झाकू नका. 2019 आणि 2021 च्या पुरानंतर नदीकाठच्या गावांत गिऱ्हाईक हे मुद्दाम विचारतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला पण सहज न दिसणारा मोठा दोष खरेदीदाराला सांगणे बंधनकारक आहे.

खरी अडचण कागदात

कर्नाटकात ऑक्टोबर 2024 पासून शहरी मालमत्तेच्या खरेदीखताला ई-खाता लागतो. ग्रामपंचायत हद्दीत नमुना 9 आणि 11 लागतात. उताऱ्यावर अजून वडिलांचेच नाव असेल तर आधी वारसा लावून खाते बदल करून घ्या. घरपट्टीची बाकी भरा, बोजा दाखला काढा. महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात, तो सरकारी दर इकडे मार्गदर्शक दर म्हणून ओळखला जातो. तोही बघून ठेवा.

वडिलांचे मृत्युपत्र नसेल तर आई आणि लग्न झालेल्या बहिणींचाही वाटा असतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना 2005 च्या दुरुस्तीने मुलांइतकाच हक्क मिळाला आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. एका बहिणीची सही राहिली तरी व्यवहार अडतो. कुणाला येणे जमत नसेल तर नोंदणीकृत मुखत्यारपत्र करता येते.

पैसे कुणी घातले?

भांडण इथेच सुरू होते. गावात राहणारा भाऊ पदरचे तीन लाख घालतो आणि वाटणीच्या वेळी "तुला कुणी सांगितले होते?" असे ऐकावे लागते. म्हणून कामाला हात लावण्याआधी खर्च किती, कोण करणार आणि विक्रीतून आधी कुणाला परत मिळणार, हे कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

बिले जपून ठेवा

नवी खोली, स्लॅब असा कायमची भर घालणारा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो. रंग किंवा किरकोळ डागडुजी सहसा धरली जात नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालकीच्या घरावरील नफ्याला 12.5 टक्के कर आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा हिशेबही करता येतो. दोन्ही हिशेब सीएकडून करून घ्या.

थोडक्यात, आधी उतारा, मग घरच्यांच्या सह्या, मग गळती. रंगाचे काम सगळ्यात शेवटी, तेही हिशेबात बसले तरच.